अर्धे वर, अर्धे मोकळे

फोनवर ‘हाफ अप हाफ डाऊन’ एवढंच टाइप करून बघा. पहिल्या दहा रील्समध्ये तीच गोष्ट दहा वेळा घडते. मुलगी कॅमेऱ्याकडे तोंड करून उभी असते, केस विस्कटलेले, चेहऱ्यावर किंचित कंटाळा. मग ती कानांवरचे केस मागे घेते, पिळते, एक पिन इकडे, एक पिन तिकडे. गाण्याचा ठेका बदलतो आणि ती गर्रकन वळून आपल्याला पाठ दाखवते. वरचे केस बांधलेले, खालचे पाठीवर लाटालाटांनी सोडलेले. खाली यादी असते: ऑफिससाठी, कॉलेजसाठी, साखरपुड्यासाठी, हळदीसाठी, रिसेप्शनसाठी.

मी या रील्स भरपूर बघते, आवडीने बघते. पण बघताना एक प्रश्न सुटत नाही. ही केशरचना डोक्याच्या मागे असते. जिची आहे तिला ती दिसत नाही. आरशात तिला फक्त कपाळ आणि कानाजवळच्या दोन बटा दिसतात, बाकी सगळं मागच्या रांगेतल्या लोकांसाठी. मग ही रचना नेमकी कुणाच्या सोयीची? आणि प्रसंग बदलला की वर किती घ्यायचे आणि खाली किती सोडायचे हे प्रमाण का बदलतं?

आपण सिनेमाची फ्रेम वाचतो, कवितेची ओळ वाचतो, तशी ही केसांची रचनाही वाचता येते असं मला वाटतं. वाचायला घेतल्यावर माझ्या असं लक्षात आलं की तिच्या दोन वेगवेगळ्या आज्या आहेत. एक मुकुट घालून बसलेली आहे. दुसरी नुकतीच न्हाऊन आली आहे. रील्सना पहिलीच तेवढी आठवते.

नाव नसलेली केशरचना

मराठीत केसांसाठी शब्दांची ददात नाही. वेणी, अंबाडा, खोपा, बुचडा, शेपटा, सागरवेणी, पाचपेडी. ‘वेणी’ म्हणजे गुंफलेले केसही आणि त्यात माळायची फुलंही. पार्लरमध्ये ज्याला एक्स्टेन्शन म्हणून भरपूर पैसे घेतात त्यालाही जुना शब्द आहे, गंगावन. मोकळ्या केसांसाठीही शब्द आहेत, पण त्यांचा सूर ऐका: झिंज्या, झिपऱ्या, जटा. ‘त्या झिपऱ्या आवर आधी’ हे वाक्य ज्या मुलीने ऐकलं नाही तिला मराठी घरात वाढलेली म्हणता येणार नाही.

आणि या दोहोंच्या मधलं? अर्धे बांधलेले, अर्धे सोडलेले? त्याला खास मराठी नाव माझ्या तरी ऐकण्यात नाही. आई म्हणते, ‘नुसती वरची क्लिप लाव.’ मैत्रिणी म्हणतात हाफ-अप. म्हणजे शब्द एकतर वर्णन करणारा किंवा उसना.

याचं कारण मला असं दिसतं की आपल्या जुन्या व्याकरणात केसांच्या दोनच अवस्था होत्या. बांधलेले म्हणजे सगळं जागच्या जागी आहे. मोकळे म्हणजे काहीतरी घडलंय. भट्टनारायणाच्या ‘वेणीसंहार’ या संस्कृत नाटकाचं नावच वेणी बांधण्यावरून आहे. भर सभेत द्रौपदीचे केस ओढले गेले, ते ती बांधत नाही, आणि शेवटी दुर्योधनाच्या रक्ताने माखलेल्या हातांनी भीम तिची वेणी बांधतो. अख्खं युद्ध एका न बांधलेल्या वेणीभोवती उभं आहे. विरहिणीची ‘एकवेणी’ही तशीच. अशोकवनातली सीता किंवा मेघदूतातली यक्षपत्नी शृंगाराविना राहते आणि तिची ती एकच, न सोडवलेली वेणी वाट बघण्याचं कॅलेंडर होते.

देवळाच्या अंगणात बाई घुमायला लागली की तिचे केस आपोआप सुटलेले असतात. राजीव पाटील यांच्या ‘जोगवा’मध्ये (२००९) सुलीच्या केसांत जट सापडते आणि तेवढ्यावरून तिचं आयुष्य देवीला वाहिलं जातं. केसांचा एक गुंता, जो तेल-कंगव्याने सुटला असता किंवा कात्रीने कापता आला असता, तो माणसाचं पुढचं सगळं ठरवून टाकतो. उलट टोकाला केशवपन. विधवेला केसच नकोत, म्हणजे बांधायचा-सोडायचा प्रश्नच मिटला. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायला नकार दिला, ही घटना मला म्हणूनच फार मोठी वाटते. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला.

माझी आजी एवढं काही सांगायची नाही. ती एवढंच म्हणायची, ‘तिन्हीसांजेला केस मोकळे सोडून दारात उभी राहू नकोस.’ का, असं विचारलं तर उत्तर नसायचं. नियम असायचा. आणि मी न्हाऊन आले की ती माझ्या ओल्या केसांच्या टोकाला एक छोटी गाठ मारून द्यायची. केस वाळायला मोकळे तर हवेत, पण पूर्ण मोकळे दिसायला नकोत. ती गाठ मला आता त्या दोन अवस्थांमधली फट वाटते. त्या फटीतूनच अर्धे बांधलेले केस आत आले असणार.

मुकुटाखालून

आता पहिल्या आजीकडे येऊ. राजा रविवर्म्याची लक्ष्मी तुम्ही पाहिलेली आहे. दुकानाच्या गल्ल्यामागे, दिनदर्शिकेवर, अगरबत्तीच्या पुड्यावर, कुठेही. रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत घाटकोपरला सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून या देवी घराघरांत पोचल्या. कमळावर उभी, लुगडं नेसलेली, चार हातांची लक्ष्मी. पुढच्या वेळी तिचे केस बघा. डोक्यावर मुकुट आणि मुकुटाखालून पाठीवर-खांद्यावर उतरलेले लांब, काळे, लहरी केस.

ज्या घरांत सुनेला केस मोकळे सोडून दारात उभं राहायची परवानगी नव्हती, त्याच घरांच्या देव्हाऱ्यात मोकळ्या केसांची देवी उभी होती आणि कुणाला ते खटकलं नाही. मला वाटतं, ही मुकुटाची किमया आहे. वरचा भाग मुकुटाने पकडून ठेवला की खालचे मोकळे केस ‘झिपऱ्या’ राहत नाहीत, ते ऐश्वर्य होतात. घडी बसवलेलं डोकं आणि सोडलेली पाठ. तंतोतंत हाफ-अप. फक्त क्लिपच्या जागी मुकुट.

इंग्लंडमध्येही केसांच्या दोन अवस्था होत्या, पण त्या वयाच्या होत्या. व्हिक्टोरियन काळात लहान मुलीचे केस मोकळे आणि ती लग्नाच्या वयात आली की केस वर. ‘केस वर घेतले’ म्हणजे मुलगी मोठी झाली. लुईस कॅरोलच्या ॲलिसच्या दुसऱ्या पुस्तकातल्या चित्रांमध्ये जॉन टेनिएलने तिच्या डोक्याला पट्टा दाखवला आणि मागे केस मोकळे. त्या हेअरबँडला तिकडे आजही ॲलिस बँड म्हणतात. पट्टा म्हणजे मुलीचा मुकुटच, जरा स्वस्तातला.

मग २९ एप्रिल २०११ रोजी केट मिडलटन वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये आली ती अर्धे केस वर आणि अर्धे मोकळे अशी. डोक्यावर राणीने दिलेला कार्तिएचा मुकुट. लग्नात, तेही राजघराण्याच्या, केस पूर्ण वर असावेत या सवयीला तिने मुरड घातली आणि तरी सगळं शिस्तीत दिसलं, कारण वरच्या भागावर मुकुट होता. इथे एक तांत्रिक गोष्टही आहे. मुकुट गुळगुळीत केसांवर टिकत नाही. त्याला खाली काहीतरी पकड लागते, म्हणून वरचे केस आतून उलटे विंचरून फुगवायचे, घट्ट बसवायचे आणि मग त्यात मुकुट रोवायचा. म्हणजे ‘अर्धे वर’ हा मुळात दागिन्याचा पाया आहे. खालचे केस त्या दागिन्याचा पडदा.

आपल्या सिनेमाने हाच पाया दागिन्याशिवाय वापरला. साठच्या दशकात शर्मिला टागोर, आशा पारेख, सायरा बानू यांच्या डोक्यावर केसांचे जे बुरूज चढले तो केसांचाच मुकुट होता. पुढे घराघरांत त्याला ‘पफ’ म्हणू लागले आणि आपल्या आयांनी लग्नाच्या फोटोत तो काढून घेतला.

मालिकांमध्ये तर या प्रमाणाला नैतिक अर्थ आला. बऱ्याच मालिकांतल्या सोशिक सुनेचे वरचे केस एका क्लिपमध्ये असतात आणि खालचे पाठीवर. पहाटे चहा टाकताना, देवपूजा करताना, सासूचं बोलणं खाताना, कायम तसेच. गॅससमोर मोकळे केस घेऊन उभी राहणारी बाई मी खऱ्या स्वयंपाकघरात पाहिलेली नाही, पण ते असो. खलनायिकेचं एकतर सगळं सुटलेलं किंवा सगळं डोईवर चढवलेलं. ‘कसौटी जिंदगी की’मधल्या कोमोलिकाची ती बोटाभोवती फिरवायची बट आठवा. एका बटेवर अख्खं पात्र उभं केलं होतं. नायिकेचे अर्धे केस मोकळे असले तरी चालतात, खलनायिकेची मात्र एक बट सुटली की धोका. म्हणजे केस किती सुटले यापेक्षा ते कुणी सोडले हे महत्त्वाचं. नायिकेचे केस जणू आपोआप तसे पडलेले असतात. कोमोलिका मात्र हाताने, आपल्या डोळ्यांत बघत बट फिरवते.

एका लग्नातले तीन प्रसंग

हे सगळं एकाच दिवसात, एकाच डोक्यावर बघायचं असेल तर आजचं मराठी लग्न बघावं. माझ्या मामेबहिणीच्या लग्नात मी दोन दिवस तिच्या डोक्याच्या मागे उभी होते. पिना द्यायचं काम माझ्याकडे होतं.

हळदीला केस सैल, दोन्ही बाजूंनी एकेक पेड मागे घेऊन जोडलेला, त्यात पिवळी फुलं, बाकीचे मोकळे. मुहूर्ताला नऊवारी, खोपा, त्याभोवती गजरा. इथे एकही केस मोकळा नाही, आणि त्याला कारणं आहेत. मुंडावळ्या कपाळावरून मागे नेऊन बांधायच्या असतात, हार घालायचा-काढायचा असतो, लाजाहोमात अग्नीसमोर वाकायचं असतं, डोक्यावर अक्षता पडत असतात. विधी म्हणजे काम, आणि कामाला केस बांधलेले लागतात. रिसेप्शनला काम काहीच नसतं. स्टेजवर उभं राहायचं, हसायचं, पाकिटं घेऊन मागे द्यायची. तिथे पुन्हा अर्धे वर, अर्धे मोकळे.

माझ्या बहिणीचे केस कुरळे आहेत. लहानपणापासूनचे, घट्ट, पावसाळ्यात दुप्पट होणारे. शाळेत तेल चोपडून दोन वेण्या आणि लाल रिबिनी हा नियम होता आणि तिच्या वेण्या दुपारपर्यंत सुटायच्याच. त्यासाठी तिने जेवढं बोलणं खाल्लं तेवढं बहुतेक गणितासाठीही खाल्लं नसेल. रिसेप्शनच्या दिवशी केस करणाऱ्या ताईंनी तिचे केस आधी इस्त्रीसारख्या मशीनने सरळ केले. मग टाँगवर गुंडाळून गुंडाळून कुरळे केले. मी विचारलं, ‘ताई, ते आधीच कुरळे होते ना?’

ताई न रागावता म्हणाल्या, ‘हो, पण ते वेगळे कर्ल्स. हे सेट होतात.’

मला त्या ताईंची चेष्टा करायची नाही. त्यांना जे शिकवलं गेलं आणि गिऱ्हाईक जो फोटो दाखवतं, तेच त्या करत होत्या. बहिणीनेही फोटोच दाखवला होता. पण त्या एका वाक्यात या रचनेचं सगळं सौंदर्यशास्त्र आहे. मोकळे केस हवेत, पण आपोआप मोकळे झालेले नकोत. कुरळेपणा हवा, पण आदेशावरून आलेला. नंतर केस कमी वाटले म्हणून आतून गंगावन जोडलं. वरच्या भागात पिना एकमेकींवर फुलीसारख्या, दातेरी बाजू डोक्याकडे करून, म्हणजे निसटत नाहीत. त्यावर स्प्रे. खालचे केस हलायला हवेत, पण विस्कटायला नकोत, म्हणून त्यांच्यावरही स्प्रे. काम संपलं तेव्हा तिच्या डोक्यात मी मोजून सेहेचाळीस पिना दिल्या होत्या. खोप्याला एकवीस लागल्या होत्या.

म्हणजे जी रचना मोकळी दिसते ती बांधलेल्या रचनेपेक्षा दुपटीहून जास्त बांधलेली होती. खोपा निदान खोटं बोलत नाही. तो सांगतो, मी बांधलेला आहे. रिसेप्शनचे मोकळे केस मात्र सहजपणाचं सोंग आणतात, आणि त्या सोंगाचा भार मुलीच्या कवटीवर असतो. बहीण रात्रभर मान सरळ धरून होती. कुणी जवळ घेतलं की ती अंग चोरायची. पाहुण्यांना वाटलं, लाजतेय.

मोकळे केस काय काय झाकू शकतात याचं एक जगजाहीर उदाहरण म्हणजे गायिका एरियाना ग्रांडे. तिची उंच, घट्ट पोनीटेल, कधी पूर्ण, कधी वरच्या अर्ध्या केसांचीच, जगभरातल्या मुलींनी उचलली. २०१४ च्या सुमाराला तिने स्वतःच सांगून टाकलं की टीव्ही मालिकेतल्या भूमिकेसाठी वर्षानुवर्षं, दर पंधरा दिवसांनी केस ब्लीच करून लाल रंगवल्यामुळे ते पार खराब झाले आहेत, आपण खोटे केस जोडतो आणि पोनीटेल घालतो कारण दुसरं काही करायला केस उरलेले नाहीत. लाखो मुली जिची नक्कल करत होत्या ती स्टाइल म्हणजे एका मुलीने आपल्या नुकसानीवर काढलेला मार्ग होता. मला यामुळे ती पोनीटेल कमी आवडत नाही, उलट जास्तच आवडते. पण ट्युटोरियलमध्ये तो भाग नसतो.

दुसरी आजी

आता न्हालेल्या आजीकडे. तिला भेटायचं तर सकाळी मुंबईच्या लोकलच्या बायकांच्या डब्यात चढा. पहाटे उठून डबे भरून, केस धुऊन निघालेल्या बायका. ड्रायर लावायला वेळ नाही आणि ओल्या केसांची घट्ट वेणी घातली तर दिवसभर डोकं जड आणि केसांना कुबट वास. मग वरचे केस एका क्लचरमध्ये, म्हणजे ते डोळ्यांवर येत नाहीत आणि शेजारणीच्या तोंडात जात नाहीत. खालचे पाठीवर, वाळायला. ब्लाउजच्या किंवा कुर्त्याच्या पाठीवर ओलसर डाग. अंधेरी, दादर, जे काही उतरायचं स्टेशन असेल तोवर केस बरेचसे वाळतात. मग पुलावरून चालता चालता तोंडात क्लचर धरून दोन हातांनी सगळे केस गोळा करायचे, पिळायचे, वर अडकवायचे. पंधरा सेकंद, एकही पिन नाही.

हीसुद्धा अर्धे वर, अर्धे मोकळेच. पण इथे कुणी गर्रकन वळून पाठ दाखवत नाही. पाठ कुणाला दाखवायची नसतेच, ती वाळायची असते.

केरळमध्ये या रचनेला नाव आहे आणि रूपही ठरलेलं आहे. कुळिप्पिन्नल, म्हणजे न्हाल्यानंतरची वेणी. दोन्ही कानांजवळचे थोडे थोडे केस मागे घेऊन त्यांची एक पातळ वेणी घालायची, बाकीचे तिच्याखाली मोकळे सोडायचे आणि वर तुळशीचं पान किंवा फूल. केस वाळेपर्यंत आवरलेले राहतात. सोयीतून जन्मलेली, आणि सोयीतूनच सुंदर झालेली गोष्ट. आपल्याकडे गाठ होती, त्यांच्याकडे वेणी झाली. आमच्या आजीने ती गाठ थोडी वर मारली असती तर कदाचित मराठीतही एखादा शब्द आला असता.

या दोन आज्यांमध्ये एक मोठा फरक आहे. मुकुटवाली रचना सांगते की आज मला काम नाही. मला वाकायचं नाही, चुलीजवळ जायचं नाही, वजन उचलायचं नाही. म्हणून ती लग्नात पाहुण्यांच्या डोक्यावर असते आणि पंगतीत वाढणाऱ्या बायकांच्या डोक्यावर नसते. त्यांचे केस जाळीत किंवा घट्ट बुचड्यात. पुण्यात गणेशोत्सवात ढोल-ताशा पथकातल्या मुली बघा. ढोल कमरेला बांधून तासन् तास वाजवायचं असतं, घाम, गुलाल, दोऱ्या. तिथे सागरवेणी, तीही अशी की डोळे ताणले जावेत. आणि पाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेत बुलेटवर बसलेल्या नऊवारीतल्या मुली बघा. डोक्यावर फेटा, फेट्याखालून केस मोकळे. पुन्हा मुकुट.

म्हणजे प्रसंगाप्रमाणे केस कसे करायचे या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न आहे: या प्रसंगात तुझे हात कामात आहेत की नाहीत? ऑफिससाठीच्या रील्समध्ये वरचा भाग नेहमी नीट, चापूनचोपून आणि खालचा सरळ असतो. म्हणजे मी कामाची आहे, पण कामात बुडालेली दिसत नाही. पार्टीसाठी वरचा भाग उंच आणि सैल, पुढे दोन बटा मुद्दाम सोडलेल्या. पूजेसाठी सगळं खाली, मानेजवळ, गजऱ्यात. आपण एका क्लिपने रोज असं काहीतरी बोलत असतो आणि समोरचे ते बरोबर ऐकत असतात. ज्या दिवशी मी ऑफिसात केस पूर्ण मोकळे सोडून जाते त्या दिवशी निदान दोन जणी विचारतात, ‘आज काही विशेष?’

मला काय खटकतं

इथे कुणी म्हणेल, एवढं काय त्यात, केसच तर आहेत, मुलींना नटायला आवडतं. आवडतंच. मलाही आवडतं. मुकुटाची आजी मला नको आहे असं नाही. स्वतःच्या लग्नात दोन तास लक्ष्मीसारखं दिसावंसं वाटणं यात गैर काय? आणि मोकळ्या केसांवर इतकी शतकं पहारा असताना निम्मे तरी सोडायची मुभा मिळाली, ती आपल्या आयांनी आणि मावश्यांनी भांडून मिळवली, हेही मी विसरत नाही. माझ्या आईला कॉलेजात ‘वरची क्लिप’ लावायची परवानगी वडिलांकडून मागावी लागली होती. तिच्यासाठी ती क्लिप म्हणजे फॅशन नव्हती. निम्मी सुटका होती.

खटकतं ते हे, की ती सुटका आता पुन्हा एक गृहपाठ झाली आहे. आजीचा नियम होता: मोकळे दिसायला नकोत. रील्सचा नियम आहे: मोकळेच दिसायला हवेत, पण अमुक लांबीचे, अमुक जाडीचे, अमुक लहरींचे. ज्यांचे केस विरळ आहेत, आजारपणात गेले आहेत, कुरळे आहेत, खांद्यापर्यंतच आहेत, त्यांनी आधी ते तसे नसल्यासारखे करायचे आणि मग सहज दिसायचं. शाळेने बहिणीचे केस बांधून सरळ करायचा प्रयत्न केला, रिसेप्शनने सोडून. तिच्या केसांना दोन्हीकडे ‘असे चालणार नाहीत’ हेच ऐकावं लागलं.

आणि या रील्समध्ये वेळ खोटा असतो. मधले कट काढून टाकलेले असतात. दुखणारे दंड दिसत नाहीत, तिसऱ्यांदा निसटलेली पिन दिसत नाही, मागचं बघायला धरलेला दुसरा आरसा दिसत नाही. पूर्वी वेणी घालणं हे दोघींचं काम होतं. एक पुढे बसायची, एक मागे. ओढलं की ‘आई गं’ म्हणता यायचं. आता मागे फोन आहे. तो ओढत नाही हे खरं, पण त्याला ‘दुखतंय’ म्हणताही येत नाही.

म्हणून मला एखादी रील अशी बघायची आहे, जी वळून पाठ दाखवण्याच्या क्षणी संपत नाही, तिथून सुरू होते. रिसेप्शनच्या रात्री एक वाजता बहीण माझ्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली आणि मी पिना काढत बसले. चाळीस सापडल्या, उरलेल्या सहा दुसऱ्या दिवशी उशीवर. स्प्रेने केसांची दोरखंडं झाली होती. गंगावन सुटलं तेव्हा तिने इतका मोठा श्वास सोडला की आम्ही दोघी हसलो. केसांच्या मुळाशी सकाळच्या अक्षता अजून अडकलेल्या होत्या, खोबरेल लावून त्या एकेक काढाव्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी ती न्हाऊन आली. केस पुन्हा आपले नेहमीचे, घट्ट, सगळ्या दिशांना. सासरी निघायला अर्धा तास होता आणि मामी बाहेरून हाका मारत होती. तिने माझ्या डोक्यावरचा क्लचर ओढून घेतला, आरशात न बघता वरचे केस त्यात कोंबले आणि खालचे ओले तसेच पाठीवर टाकून गेली. त्याचा फोटो कुणी काढला नाही. तिच्या नव्या ड्रेसच्या पाठीवर ओला डाग पडला होता, तो गाडी वळेपर्यंत मला दिसत होता.